निशाणी विळा

जोमाभाऊ गवतावरून कधी चपला घालून चालत नसत. सकाळी साडेसहाला आरोग्यधामाच्या फाटकातून आत आले की चपला काढून काखेत मारायच्या आणि सगळं आवार अनवाणी फिरायचं, हा त्यांचा नेम होता. आवार अठरा एकरांचं. क्षयरोग्यांचे चार वॉर्ड, त्यांच्यामधली हिरवळ, मागचा उतार आणि पार शेवटी नाल्याकाठचा वाकडा पट्टा. फेरी संपली की ते ऑफिसच्या पायरीवर बसून आतल्या हेडक्लार्कना ओरडून सांगायचे, "दोन नंबरापुढं चार बोटं झालंय. उतारावर घोट्याला लागतंय. आज उतार घेतो."

हेडक्लार्क ते लिहून घेत. मी खिडकीशी टाइपरायटरवर बसलेली असे आणि ऐकत असे. माझे वडील तिथे डॉक्टर होते, मी मुंबईत नन्सच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, आणि परदेशातून येणारी पत्रं वाचायला ऑफिसात कुणीतरी हवं होतं, म्हणून मी तिथे होते. माझं मराठी घरातलं होतं. चारचौघांत बोलायची वेळ आली की मनातल्या मनात वाक्य आधी जुळवावं लागे, आणि ते जुळेपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असे.

पहिल्या आठवड्यात मी जेवायच्या सुट्टीत हिरवळीवरून चालले होते. जोमाभाऊ समोरून आले, माझ्या पायांतल्या पट्ट्यांच्या चपलांकडे बघत उभे राहिले.

"डाक्तरांची पोर ना तू?"

"हो."

"चपला काड, बाय. गवताला आपुन कोन ते कलूं दे."

मी काढल्या. गवत गार होतं आणि टोचत होतं. ते म्हणाले, "टोचतंय ना? म्हंजी परवा कापलंय. चार दिसांनी मऊ लागंल. मंग आठ दिसांनी पाय गुतल. तवा कापाचं." एवढंच सांगून ते निघून गेले. नंतर मी रोज चपला काढू लागले, कुणी बघत नसेल तेव्हा.

ते बेलपाड्याचे. घरचं मिठागर होतं, ते थोरल्या भावाकडे. जोमाभाऊ अकरा वर्षं आरोग्यधामात मुकादम होते, पण रोजंदारीवर. महिन्याच्या शेवटी मस्टरवर सही करायची वेळ आली की ते अंगठा देत नसत. "अंगठा चोरांचा घेतात, नायतर मेल्याचा," असं म्हणायचे. आमच्या भागात जुन्या शेतकरी घरांत एक रीत होती. लिहिता न येणारा माणूस कागदावर नांगर काढायचा आणि कारकून शेजारी लिहायचा, निशाणी नांगर. जोमाभाऊ विळा काढायचे. एक वाकडी रेघ, मध्ये जाड, टोकाला निमुळती, आणि खाली मुठीची छोटी आडवी रेघ. एका दमात, पेन न उचलता. अकरा वर्षांच्या मस्टरमध्ये तो विळा तसाच्या तसा आहे; मी पानं चाळून बघितली आहेत.

त्यांच्या हाताखाली कातकरी वाडीवरच्या चौदा बायका होत्या. पावसाळाभर आणि पुढे दिवाळीपर्यंत त्या आमचं गवत विळ्यानं कापायच्या. रोजाचे पैसे थोडे होते, कारण रोजाबरोबर भारा होता. संध्याकाळी प्रत्येकीनं कापलेल्या गवताचा एक भारा बांधून न्यायचा. केवढा? जेवढा तिला दुसरीचा हात न लागता स्वतः डोक्यावर चढवता येईल तेवढा. हा नियम जोमाभाऊंचा. तो भारा पनवेलच्या टांगेवाल्यांकडे जायचा आणि त्याचे तांदूळ व्हायचे. लावणीची कामं संपलेली आणि वीटभट्ट्या दिवाळीनंतर सुरू होणार, मधले दोन महिने वाडीवर चूल त्या गवतावर पेटायची.

बायकांत बुधीबाय सगळ्यांत म्हातारी. तिला भारा उचलवेना. तिची सून हळूच मागून हात लावायची, आणि नेमकं त्याच वेळी जोमाभाऊंना नाल्याकडे काहीतरी दिसायचं. ते तिकडे तोंड करून उभे राहायचे, भारा डोक्यावर गेला की वळायचे.

"चढला का गो?"

"चढला, भाऊ."

"एकलीनं?"

"मंग काय तुजी बायको आलती?"

सगळ्या हसायच्या. जोमाभाऊ तोंड वाकडं करायचे आणि तेही हसायचे.

एकदा तीन नंबरच्या वॉर्डातल्या एका पेशंट बाईंच्या नाकातली हिऱ्याची चमकी हिरवळीवर पडली. त्या फार रडल्या. लग्नातली होती. जोमाभाऊंनी सगळ्या बायकांना ओळीत उभं केलं आणि सांगितलं, हात लावायचा नाही, पायानं बघायचं. अर्धा दिवस ती ओळ इंचाइंचानं सरकत होती. मी खिडकीतून बघत होते. जोमाभाऊ एके ठिकाणी थांबले, अंगठ्यानं गवत बाजूला केलं, खाली बघितलं. मग दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, "बुधे, हितं ये. हितं बग जरा." बुधीबाय आली, वाकली, आणि चमकी तिच्या हातात आली. पेशंटच्या घरच्यांनी तिला नवं लुगडं दिलं.

मी दुसऱ्या दिवशी धीर करून म्हटलं, "भाऊ, ती तुम्हाला सापडली होती."

"तुला दिसलं?"

"हो."

"मंग तू बी नाल्याकडं बगाचं," ते म्हणाले.

मला तेव्हा त्यांच्याइतका मोठा माणूस दुसरा दिसत नव्हता. स्वतःची गोष्ट दुसऱ्याच्या नावावर इतक्या सहज टाकून देणारा.

बऱ्या होऊन गेलेल्या एका पेशंटच्या मुंबईच्या कुटुंबानं आरोग्यधामाला देणगी दिली ती गवत कापायच्या मशीनसाठी. ट्रॅक्टर आमच्याकडे होता, करड्या रंगाचा, पाण्याची टाकी ओढायला. त्याच्यामागे जोडायचं मशीन परदेशातून मागवायचं होतं. मशीन येणार हे ठरलेलंच होतं. कुठलं घ्यायचं एवढंच बाकी होतं. मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या सुपरिंटेंडंटनी, तीन कंपन्यांची माहितीपत्रकं माझ्या टेबलावर ठेवली. "मुकादमाला वाचून दाखव. त्याचं मत लिहून काढ. विश्वस्त त्याचं ऐकतात."

पंधरा दिवस रोज जेवणाच्या सुट्टीत आम्ही जांभळाखाली बसलो. मी वाचायची आणि मराठीत सांगायची. ते ऐकायचे, सुक्या बोंबलाचा तुकडा भाकरीबरोबर चघळत. पहिल्या पत्रकावर कोट-टाय घातलेला एक गोरा माणूस ट्रॅक्टरवर बसून गवत कापत होता.

"यो कोन? नवरदेव?"

"मालक असेल."

"सासरी चाललाय. जाता जाता गवत कापतंय."

मी खूप हसले. एरवी मी ऑफिसात हसत नसे.

पहिलं मशीन म्हणजे बाजूला काढलेली लांब दातेरी पट्टी, न्हाव्याच्या केस कापायच्या मशीनसारखी. ती गवत बुडाशी कापून आडवं पाडते, लांबच्या लांब. दुसऱ्याला पिंजऱ्यासारखी लोळणारी गोल पाती. कापणी सुंदर, पण गवत कायम आखूड हवं. जोमाभाऊंनी ते लगेच बाजूला ठेवलं. "भादव्यात आठ दिस पाऊस लागला, मशीन भाईर नाय काडलं, का यो पिंजरा गुतला. मंग बस त्याच्या फुडं उदबत्ती लावून."

तिसऱ्याचं नाव पत्रकात फिनिशिंग मोअर असं होतं. चौकोनी पत्र्याच्या झाकणाखाली तीन पाती भिंगरीसारखी फिरणारी, पुढे लहान चाकं, मागे रूळ. जमीन खालीवर असली तरी कुठे खरवडत नाही, आणि कापलेल्या गवताचा भुगा करून जागच्या जागी पसरून टाकतं. उचलायचं काही राहत नाही. शेवटचं चित्र होतं एका बंगल्यापुढच्या हिरवळीचं, गालिच्यासारख्या.

जोमाभाऊंनी ते चित्र बराच वेळ हातात धरलं. "बेस हाय," ते म्हणाले. मग विचारलं, "भुगा म्हंजी केवडा?"

मी बोटाच्या पेरावर दाखवलं.

"मंग भारा कशाचा बांदाचा?"

त्यांनी सगळं विचारलं. पातं बोथट झालं तर पनवेलचा लोहार धार लावील का. दगड उडाला तर व्हरांड्यातल्या खाटांपर्यंत जाईल का. आमच्या ट्रॅक्टरला ओढवेल का. मी रुंदी फुटांत वाचली की ते तेवढा बांबू तोडून दोन वॉर्डांच्या मधून आडवा धरून नेऊन बघायचे, अडतो का. शेवटी म्हणाले, "पट्टीचं. गालिचा नाय व्हनार, पन साप दिसंल, पेशंट चालंल. नि बाया गवत गोला करतील. कापनी गेली, पन भारा राईल."

त्याच संध्याकाळी त्यांनी बायकांना जांभळाखाली बसवलं. मशीनची बातमी वाडीवर पोचली होतीच. बुधीबायनं विचारलं, "भाऊ, मशीन आमचा भारा बांदून देनार काय?"

"बांदनार नाय. पन पाडून ठेवनार. तुमी उचलाचा. माजा शब्द हाय. ही बाय बी हाय सामने."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

मंगळवारी मी त्यांचं मत इंग्रजीत टाइप केलं, दीड पान, कार्बन घालून दोन प्रती. मग एकेक वाक्य त्यांना मराठीत वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते.

"त्यात बायांचं लिवलंस?"

"नाही. मशीनचंच लिहिलंय."

"लिव. दिवालीपातूर भाऱ्यावर जगतात ते लिव."

मी शेवटी तीन ओळी वाढवल्या. खाली टिंबांची ओळ काढली, तिच्याशेजारी निशाणी विळा असं लिहिलं आणि पेन पुढे केलं. जोमाभाऊंनी पेनाकडे बघितलं. मग दोन्ही तळवे माझ्यापुढे उघडे धरले.

"हात मातीचं हायत, बाय. कागद खराब व्हल. उद्या करतो."

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी कागद मागवून घेतला. जोमाभाऊ उताराकडे होते. एका विळ्यासाठी त्यांना बोलावून आणणं मला अविश्वास दाखवल्यासारखं वाटलं. मी तसाच दिला.

विश्वस्त रविवारी मोटारीनं आले, तिघं जण, आणि देणगी दिलेल्या घरातल्या एक बाई. सगळे दोन नंबरच्या वॉर्डापुढे हिरवळीवर उभे राहिले. मला लिहून घ्यायला वही घेऊन मागे उभं केलं होतं. मोठे डॉक्टर फिनिशिंग मोअरबद्दल बोलले. बाहेरचे पाहुणे येतात, आवार कसं दिसतं याला महत्त्व आहे, वगैरे. विश्वस्तांच्या अध्यक्षांनी माझा कागद हातात धरला होता.

"काय मुकादम, तुमचं काय म्हणणं?"

जोमाभाऊ पुढे झाले. त्यांच्या पायांत चपला होत्या. मी ते बघितलं आणि मला वाटलं, पाहुण्यांसाठी असतील.

"तीन पात्यांचं घ्या, सायब. कापनी लय साफ."

अध्यक्षांनी चष्मा वर केला. "पण इथे तर वेगळं लिहिलंय. पट्टीचं घ्यावं म्हणून. मुकादमाचं मत, असं वर लिहिलंय."

"ते बायनी लिवलंय, सायब. मना इंग्रजी कुठं येतंय?"

अध्यक्षांनी कागद उलटून खाली बघितलं. टिंबांची ओळ रिकामी होती. ते माझ्याकडे बघून हसले, रागानं नाही, लहान मुलीकडे बघून हसतात तसे. "मन चांगलं आहे पोरीचं," ते देणगीवाल्या बाईंना म्हणाले. बाईंनी मान डोलावली.

मी मनात वाक्य जुळवत होते. ते जुळलं तेव्हा सगळे मोटारीकडे चालू लागले होते. जोमाभाऊ सगळ्यांत पुढे, मोटारीचं दार उघडायला.

सोमवारी हेडक्लार्क सहज म्हणाले, "आता जोमाची मजा आहे. पक्की नोकरी, फाटकाजवळची खोली. ट्रॅक्टर तोच चालवणार."

"कधी ठरलं?"

"गेल्या सोमवारी. साहेबांनी बंगल्यावर बोलावून सांगितलं ना त्याला. मात्र मशीन गालिचावालंच, असंही सांगितलं."

मी दिवस मोजले. कागद मी मंगळवारी टाइप केला होता. म्हणजे माझ्यासमोर डोळे मिटून बसले, बायांचं लिव म्हणाले, तेव्हा त्यांना माहीत होतं. मला ते उघडे तळवे आठवले. रुंद, भेगा पडलेले, अंगठ्याखाली विळ्याच्या मुठीचा घट्टा. त्यांवर माती नव्हती. मी तेव्हाही ते बघितलं होतं, फक्त माझ्या मनात आलं नव्हतं. अकरा वर्षं रोजंदारी म्हणजे काय ते मला कळत नव्हतं असं नाही. त्यांनी मोठ्या डॉक्टरांपुढे मान तुकवली याचा मला राग आला नाही. मला राग याचा आला की बायांच्या त्या तीन ओळी त्यांनीच मला लिहायला लावल्या, आणि मग माझ्याच म्हणून टाकून दिल्या.

मशीन पुढच्या पावसाळ्यात आलं. खरंच गालिचा झाला. पेशंट व्हरांड्यातून बघत आणि खूश होत. पहिल्या दिवशी बायका नेहमीप्रमाणे विळे आणि दोर घेऊन आल्या होत्या. ट्रॅक्टर गेला त्या वाटेवर हिरवा ओला चुरा पसरला होता. बुधीबायनं मूठभर उचलला, बोटांतून गळू दिला.

"ही भाजी कोनी चिरली?" ती म्हणाली. या वेळी कुणी हसलं नाही.

मग ती माझ्या खिडकीशी आली. दोर तिच्या खांद्यावर तसाच होता.

"बाय, पुस्तक तू वाचलंस ना?"

"हो, मावशी."

"भाऊ म्हनाले, पुस्तकात तसंच लिवलंय, बायनी वाचून दावलं, आता त्यांचा विलाज नाय. त्यात आमचं कायच नवतं लिवलं?"

माझ्या ड्रॉवरमध्ये कार्बनची प्रत होती. त्या तीन ओळी मी तिला दाखवू शकले असते. इंग्रजी ओळी, वाचता न येणाऱ्या बाईला, आणि खाली कुणाची निशाणी नाही. मी म्हटलं, "मावशी, मी लिहिलं होतं." माझं मलाच ते खोटं वाटलं. तिनं खांद्यावरचा दोर सारखा केला. नंतर म्हणाली, "तुमी शिकलेली मानसं," आणि गेली. त्याआधी त्या बायका येता-जाता माझ्या खिडकीत पानावर कंटोळी, कधी रानकेळं ठेवून जात. नंतर ठेवली नाहीत.

जोमाभाऊ माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत. "कशी हाय गो बाय?" मी "बरी आहे" म्हणायची. त्यांना आता गमबूट मिळाले होते. सकाळची फेरी ट्रॅक्टरवरून व्हायची, आणि चार बोटं की घोट्यापर्यंत, हे सांगायची गरज उरली नव्हती. सगळीकडे गवत एकाच उंचीचं होतं. त्या वर्षी घरच्या मिठागराचं मीठ निघालं तेव्हा त्यांनी नेहमीसारखी कागदाची पुडी माझ्या टेबलावर ठेवली. मी ती घरी नेली नाही. पावसाळ्यात तिथेच तिचं पाणी झालं आणि कागद टेबलाला चिकटला.

दुसऱ्या वर्षी बाबांना नाशिककडे काम मिळालं. निघायच्या आदल्या दिवशी मी आवाराच्या शेवटापर्यंत चालत गेले, चपला हातात घेऊन. नाल्याकाठी गेले तर गवत कमरेएवढं. अख्खा वाकडा पट्टा न कापलेला. आत बुधीबाय आणि तिची सून विळ्यानं गवत कापत होत्या. काठावर दोन भारे तयार होते.

"हे मशीननं कापलं नाही?" मी विचारलं.

"भाऊ सोडतंय आमच्यासाठी," सून म्हणाली. "सायबाला सांगतंय का हितं जमीन खचते, टॅक्टर जात नाय."

बुधीबायनं वर बघितलं. "चौदा बायांना पुरत नाय. आमी दोघी-तिघी येतो. पन भाऊनं आमाला टाकलं नाय. त्याचा जीव हाय आमच्यावर." ती माझ्याकडे बघून बोलत होती, आणि तिला काही सुचवायचं होतं असं नाही. ती फक्त मला माहीत नसेल ते सांगत होती.

मी ऑफिसात गेले, ड्रॉवरमधून कार्बनची प्रत काढली, पेन घेतलं. ट्रॅक्टर तीन नंबरच्या वॉर्डापुढे चालू होता. मी वाटेत उभी राहिले. जोमाभाऊंनी तो थांबवला, पण इंजिन बंद केलं नाही.

"भाऊ, उद्या आम्ही जातो."

"ऐकलं. नीट राव, बाय. डाक्तरांना सांबाल."

मी कागद वर धरला. वाचायची त्यांना गरज नव्हती. टिंबांच्या ओळीकडे त्यांनी बघितलं आणि त्यांना ती ओळखू आली.

"फक्त एक रेघ," मी म्हटलं. वाक्य मी वाटेतच जुळवून ठेवलं होतं. "आता कुणाला दाखवणार नाही. माझ्यापाशी राहील."

 इंजिनाचा आवाज होता, आणि कापलेल्या गवताचा ओला वास. मग त्यांनी स्टिअरिंगवरचे हात उचलले आणि दोन्ही तळवे माझ्यापुढे उघडे धरले. या वेळी ते खरंच काळे होते.

"तेलाचं हायत, बाय."

मी बाजूला झाले. ट्रॅक्टर पुढे गेला, वॉर्डांच्या मधून, उतारावरून खाली. गालिच्याची एकेक ओळ मागे पडत होती. नाल्याजवळ पोचल्यावर त्यांनी मशीन उचललं, पाती हवेत फिरत राहिली, आणि गमबुटातले पाय ब्रेकवर सांभाळत ते त्या पट्ट्याच्या कडेकडेनं हळू वळून गेले. एक काडीसुद्धा कापली गेली नाही. त्यांनी वळून बघितलं नाही.